शहाण्णव चौरस मीटर

१९४३ साली कवठे महांकाळहून मिरजेला जाणारी रेल्वे अरुंद रुळांची होती. बार्शी लाइट रेल्वेची ती छोटी गाडी. पुढे कोल्हापूरला जायचं तर मिरजेला उतरून मीटरगेजची गाडी धरायची. त्या वाटेवर, कोल्हापूर यायच्या जरा आधी, वळिवडे लागतं. १९४३च्या मध्यावर तिथे रुळांच्या कडेला बराकींचं एक गाव उभं राहिलं आणि त्यात सुमारे ५ हजार पोलिश माणसं राहायला आली. बहुतेक सगळ्या बायका आणि मुलं. धडधाकट पुरुष सैन्यात होते, नाहीतर वाटेतच संपले होते.

आपल्या भागात हे अनेकांना ऐकून माहीत असतं. तिथल्या स्मारकाचे फोटोही पाहिलेले असतात. पण ही माणसं किती लांबून आली, याचा हिशेब सहसा कुणी मांडत नाही.

१० फेब्रुवारी १९४० च्या पहाटे पूर्व पोलंडमधली दारं वाजली. सोव्हिएत सैनिकांनी घरंच्या घरं उठवली, हाताला लागेल ते बांधून घ्यायला लावलं आणि माणसांना मालगाडीच्या डब्यांत भरलं. जून १९४१ पर्यंत असं चार वेळा झालं. सोव्हिएत दप्तरातलीच नोंद धरली, तरी हद्दपार झालेल्यांची संख्या ३ लाखांच्या वर जाते. कुणी आर्खांगेल्स्कच्या जंगलात लाकडं तोडायला गेलं, कुणी कझाकस्तानच्या माळावर. हिटलरनं रशियावर हल्ला केल्यावर स्टालिननं या लोकांना मोकळं केलं. मग ते मिळेल त्या गाडीनं दक्षिणेला उझबेकिस्तानकडे निघाले. १९४२ मध्ये सैनिक आणि नागरिक मिळून सुमारे १ लाख १५ हजार जण इराणमध्ये पोचले, बरेचसे बोटीनं कॅस्पियन समुद्र ओलांडून. तिथून तेहरान, कराची, मुंबई आणि शेवटी वळिवडे. ही सगळी वाट जोडली तर १० हजार किलोमीटरांच्या पुढे जाते, म्हणजे पृथ्वीच्या घेराचा चौथा भाग. १९४० मध्ये ७ वर्षांची असलेली मुलगी वळिवड्याला उतरली तेव्हा १० वर्षांची झाली होती. तिचं निम्मं शहाणपण मालगाडीत आलेलं.

ती छावणी १९४८ पर्यंत चालली. पाच वर्षं म्हणजे १,८२५ संध्याकाळी. सकाळी शाळा असते, दुपारी घरचं काम असतं, रात्री झोप असते. पण छावणीतल्या मुलाला संध्याकाळ खायला उठते. आईचे डोळे पत्राच्या वाटेकडे, बापाचा पत्ता नाही, पुढे कुठे जायचं ते कुणाला ठाऊक नाही. अशा १,८२५ संध्याकाळी कशानं भरायच्या?

वळिवड्याच्या मोठ्या माणसांनी याचं उत्तर शोधलं, आणि मला त्यांचा फार आदर वाटतो. शाळा, चर्च, दवाखाना, नाटकाचा रंगमंच हे तर त्यांनी उभं केलंच. त्याबरोबर स्काउट-गाइडची पथकंही बांधली. पोलंडच्या परंपरेप्रमाणे मुलींची पथकं वेगळी आणि त्यांच्या पुढारी बायकाच. खेळ, पायी सहली, गाठी मारायला शिकणं, शेकोटी, गाणी, नाच. या कामासाठी जनरल अँडर्सच्या पोलिश सैन्यातून झ्दिस्वाव पेश्कोव्स्की नावाचा तरुण अधिकारी हिंदुस्थानात आला. हा माणूस कोझेल्स्कच्या युद्धकैद्यांच्या छावणीत होता. तिथल्या हजारो पोलिश अधिकाऱ्यांना १९४० मध्ये कातिनच्या जंगलात गोळ्या घातल्या गेल्या. हा त्यातून वाचला. पुढे तो धर्मगुरू झाला आणि २००७ मध्ये गेला. सोबतच्या हजारो माणसांचं मरण मागे टाकून आलेला माणूस मुलांना रांगेत उभं करून खेळ शिकवतो, हे मला या सगळ्या आकड्यांपेक्षा मोठं वाटतं.

गुजरातेत जामनगरजवळ बालाचडीला पोलिश मुलांची दुसरी छावणी होती. ती वसवणारे जामसाहेब दिग्विजयसिंहजी स्वतः क्रिकेट खेळलेले, रणजितसिंहजींचे पुतणे आणि भारतीय क्रिकेट मंडळाचे माजी अध्यक्ष. पुढे तिथली मुलंही वळिवड्याला आली. क्षयाच्या आजाऱ्यांना आपल्या सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीची हवा मिळाली.

हे सगळं भरल्या पोटाच्या काळात झालं नाही. १९४३ हेच बंगालच्या दुष्काळाचं साल. त्या दुष्काळात गेलेल्यांचा अंदाज ३० लाखांच्या आसपास सांगितला जातो. वळिवड्याचा खर्च लंडनमधलं परागंदा पोलिश सरकार उचलत होतं, आणि १९४५ मध्ये ब्रिटननं त्याच सरकारची मान्यता काढून घेतली. पैसा कमी होता आणि भविष्य अंधारात होतं, तरीही पथकं चालू राहिली. १९४८ नंतर त्याच जागेवर फाळणीत घर गमावलेली सिंधी कुटुंबं आली. आजचं गांधीनगर ते हेच. कापड घ्यायला तिथे गेलेल्या आपल्यातल्या कितीजणांना पायाखाली निर्वासितांचे दोन थर आहेत हे माहीत असतं?

आता अलीकडचा आकडा. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या मोजणीनुसार २०२४ च्या अखेरीस जगात १२ कोटी ३२ लाख माणसं बळजबरीनं घराबाहेर पडलेली होती. काही देशातल्या देशात, काही सीमेपलीकडे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. म्हणजे गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंतचा तेव्हाचा एकूण एक माणूस घर सोडून रस्त्यावर आला, तरी हा आकडा भरत नाही. सांगली जिल्हा २८ लाखांचा, तसे ४४ जिल्हे लागतील. आपल्या राज्यात जिल्हे आहेत ३६. या विस्थापितांतली मुलं सुमारे ४ कोटी ९० लाख. आणि निर्वासितांपैकी दर तिघांतले दोघे अशा परिस्थितीत अडकलेत जी पाच वर्षांत सुटत नाही. बहुतेकांसाठी वळिवड्याची ती पाच वर्षं म्हणजे नुसती सुरुवात.

केनियातल्या काकुमाची छावणी १९९२ पासून आहे. शेजारच्या कालोबेयेईसकट तिथे ३ लाखांच्या घरात माणसं राहतात. आपला कवठे महांकाळ तालुका दीड लाखाचा. असे दोन तालुके, किंवा साठ वळिवडी. दक्षिण सुदानच्या यादवीतून पळालेली रोझ नाथिके लोकोन्येन लहानपणी तिथे आली. तिची पहिली मोठी शर्यत १० किलोमीटरांची होती. ती अनवाणी धावली आणि दुसरी आली. धावपटू तेगला लोरूपनं अशा मुलामुलींना हाताशी धरून सराव दिला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच निर्वासितांचा संघ उतरला. १० खेळाडूंमध्ये ४ मुली होत्या आणि ध्वज रोझच्या हातात होता. २०२४ मध्ये पॅरिसला ३७ जण गेले. कॅमेरूनमध्ये जन्मलेल्या सिंडी एन्गांबानं मुष्टियुद्धात ब्राँझ मिळवलं. निर्वासित संघाचं ते पहिलं पदक.

पण १२ कोटींतून ३७ म्हणजे दर ३३ लाखांमागे एक. सगळ्या सांगली जिल्ह्यातून एकही खेळाडू पुरता भरत नाही. त्या एका पदकाचा मला मनापासून आनंद आहे. तरीही मुलींच्या खेळाचं मोल पदकांनी मोजू नये असं माझं मत आहे. छावणीत मुलगी लवकर मोठी होते. आई आजारी पडली की धाकट्यांची आई तीच. सरपण तिनं आणायचं, रांगेत तिनं उभं राहायचं, आणि भीतीपोटी तिला घराबाहेरही सोडायचं नाही. संघात नाव लागलं की दिवसातला एक तास तिचा होतो. ठरलेल्या वेळी ती आली नाही तर कुणीतरी विचारायला येतं. लग्न ठरवायची घाई झाली असेल, घरात मारहाण होत असेल, तर ते घराबाहेरच्या एका मोठ्या बाईला कळायची वाट उघडते.

यासाठी लागतं किती? महिला कबड्डीचं मैदान १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद. क्षेत्रफळ ९६ चौरस मीटर. साहित्य काहीच नाही, चुन्याची रेघ पुरते. एका वेळी १४ मुली खेळतात. ४ कोटी ९० लाख मुलांत निम्म्या मुली धरू, म्हणजे २ कोटी ४५ लाख. त्या सगळ्यांना एकाच वेळी खेळायला उतरवलं, तर साडेसतरा लाख मैदानं लागतील. एकूण जागा १६८ चौरस किलोमीटर. सांगली जिल्ह्याचं क्षेत्रफळ ८,५७२ चौरस किलोमीटर आहे. जगातल्या सगळ्या विस्थापित मुली, एकीलाही बाहेर न बसवता, जिल्ह्याच्या पन्नासाव्या भागात कबड्डी खेळू शकतात. दहा तालुक्यांचा आपला जिल्हा. एका सरासरी तालुक्याचा जेमतेम पाचवा हिस्सा लागेल.

हा हिशेब मी पुन्हा पुन्हा तपासला, कारण तो खोटा वाटतो. माणसांचा आकडा महाराष्ट्र व्यापतो आणि मुलींच्या खेळाला एक तालुकाही लागत नाही. म्हणजे अडचण जमिनीची नाही आणि पैशाची तर फारच थोडी. अडचण संध्याकाळी पाच ते सहा या तासाची आहे. त्या तासात पाणी कोण भरणार, धाकटी भावंडं कोण सांभाळणार, मैदानापर्यंतच्या रस्त्यावर दिवा आहे का, शिकवायला बाई आहे का, पाळीच्या दिवसांत जवळ स्वच्छतागृह आहे का. टंचाईच्या उन्हाळ्यात शाळेतून आल्या आल्या घागर उचलणाऱ्या मुली कवठे महांकाळ तालुक्यानं पिढ्यान् पिढ्या पाहिल्या आहेत, त्यामुळे हे प्रश्न इथे कुणाला समजावून सांगावे लागणार नाहीत. जी संस्था छावणीत फक्त चेंडू वाटून परत जाते, तिच्या चेंडूंशी मुलगेच खेळतात. जी आधी नळ मैदानाच्या जवळ आणते, लहानग्यांसाठी शेजारीच सावलीत बालवाडी उघडते आणि छावणीतल्याच बाईला पगार देऊन प्रशिक्षक करते, तिच्या मैदानावर मुली येतात.