शेततळ्याच्या तोंडाशी

दर्यापूर तालुक्यातल्या एका वावरात शेतकऱ्याने आधी बोअरचं पाणी चाखायला दिलं. घोट घशाखाली उतरेना. "पऱ्हाटीले हे देलं तर जमीन मरते, भाऊ," तो म्हणाला.

मरते म्हणजे काय, ते वावरातच दिसतं. खाऱ्या पाण्यातला सोडियम काळ्या मातीत साठत जातो. मग ओली झाली की माती फुगते, तिची बारीक छिद्रं बुजतात. पाऊस आत मुरत नाही. वावरात साचतो, नाहीतर मातीच घेऊन पूर्णा नदीकडे धावतो. पूर्णेच्या दोन्ही काठांना अमरावती, अकोला आणि बुलढाण्यात पसरलेला हा खारपाणपट्टा. इथे जमिनीखालचं पाणी खारं, गोडं ते फक्त आभाळातलं.

म्हणून या शेतकऱ्याची सगळी मेहनत शेततळ्याच्या तोंडाशी. रात्री पाऊस झाला होता. पाणी तळ्यात शिरतं तिथे त्याने खड्डा खणून ठेवलाय; गाळ त्यात बसतो आणि वरचं निवळलेलं पाणी पुढे जातं. तो फावड्याने चिकट गाळ उपसत होता, टोपलीने पुन्हा वावरात टाकत होता. खड्ड्याच्या वर गवताचा पट्टा राखलेला. फवारणीचा पंप या बाजूला धुवायचा नाही, असा घरातल्या सगळ्यांना दंडक. पेरणीही उताराला आडवी, रुंद वरंबा-सरीवर, म्हणजे पाणी दमानं येतं.

तळ्याला प्लास्टिक नाही. जी फुगणारी माती पिकाला छळते, तीच इथे तळ धरून ठेवते. ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल, उतरत्या बाजूंचं तळं भरलं की सुमारे २२ लाख लिटर पाणी होतं. हरभऱ्याला ५ सेंटिमीटरचं एक ओलित द्यायला एकरी २ लाख लिटर लागतात. ऊन आपला वाटा नेतंच, तरी काही एकरांचा हरभरा तरतो.

बिघडलेल्या जमिनीला जिप्सम देतात. त्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं, पण सुटलेला सोडियम धुऊन न्यायला पुन्हा गोडंच पाणी हवं आणि निचऱ्याला चर हवेत. नुसती पोती ओतून जमीन सुधारत नाही. पिण्यासाठी अकोल्याकडच्या ८४ खेडी योजनेने वान धरणाचं पाणी आणलं; पिकासाठी मात्र ज्याने त्याने आपल्या वावरातलाच पाऊस अडवायचा आहे.

पूर्णाकाठच्या शेतकरी बंधूंनो, बोअरचं पाणी तपासल्याशिवाय पिकाला देऊ नका. आणि शेततळं असेल, तर पहिल्या मोठ्या पावसाआधी त्याच्या तोंडचा गाळ काढा.