दसऱ्याच्या मुहूर्तावर दुसरा कॅमेरा

काल खंडेनवमीस ज्याच्या त्याच्या हातचे उपकरण पाटावर मांडून त्याची पूजा झाली. सुताराचा रंधा, शिंप्याचे यंत्र, वैद्यांचा खलबत्ता आणि आमच्यासारख्यांच्या चिपळ्या-पोथ्या यांच्या पंक्तीस अलीकडे कॅमेराही येऊन बसला आहे. (हळदकुंकू त्याच्या पट्ट्यास लावावे, लेन्सला नव्हे, एवढे जाता जाता सांगून ठेवतो.) आज विजयादशमी, साडेतीन मुहूर्तांपैकी एक. पुढे दिवाळी, कार्तिकी, तुळशीचे लग्न आणि त्यामागोमाग लग्नसराई. क्षेत्राच्या गावी उत्सव, सप्ताह, मुंजी, लग्ने यांची छायाचित्रे घेऊन संसार चालविणारी जी तरुण मंडळी आहेत, त्यांच्या घरी आज हाच विषय निघणार : ‘बुवा, एक कॅमेरा आहे. दुसरा घ्यावा का? आणि पैसे बेताचे असता कोणता घ्यावा?’

हा प्रश्न कीर्तनकारास का विचारावा, असे कोणी म्हणेल. आम्ही छायाचित्रकार नव्हे. परंतु आयुष्य कॅमेऱ्यांच्या समोर उभे राहण्यात गेल्याने या व्यवसायाची फजिती आणि शर्थ दोन्ही आम्ही जवळून पाहिल्या आहेत. शिवाय या प्रश्नाचा निम्मा निर्णय पूर्वमीमांसेत होऊन गेलेला आहे.

जैमिनींच्या सूत्रांतील सहाव्या अध्यायात प्रतिनिधीचा विचार आहे. यज्ञास आरंभ झाला आणि विहित व्रीही नष्ट झाले, तर कर्म अर्धवट सोडावयाचे काय? नाही. व्रीहींच्या जागी नीवार, म्हणजे रानातील देवभात घ्यावा व कर्म पुरे करावे. नीवारच का? तर तो व्रीहींशी सर्वांत अधिक सदृश आहे म्हणून. प्रतिनिधी मोलाने थोर असावा असे शास्त्र म्हणत नाही. तो मुख्यासारखा असावा, एवढेच म्हणते. घरच्या पूजेत वस्त्र नसेल तर आपण अक्षता वाहतो, तेथेही आरंभिलेले कर्म थांबू द्यावयाचे नाही हीच दृष्टी आहे. दुसऱ्या कॅमेऱ्याची निवड करताना ‘सादृश्य’ हा एक शब्द मनात धरला, तर दुकानदाराच्या बोलण्याने भुलण्याचा प्रसंग सहसा येत नाही.

दुसरा कॅमेरा ही चैन आहे, असे वडीलधाऱ्यांस वाटते. तसे ते नाही. काही वर्षांपूर्वी एका घरच्या सहस्रचंद्रदर्शनास आम्ही उपस्थित होतो. आजोबांना सुना-नातवंडे ओवाळीत असता छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्याचा पडदा, ज्यास ते शटर म्हणतात, मध्येच अडकला. मुलगा कसबी होता, प्रामाणिक होता. घामाघूम होऊन बॅटरी काढून पुन:पुन्हा घालीत होता. तोवर औक्षण आटोपले. घरच्यांनी त्यास एक शब्द बोलून दाखविला नाही. पण तो त्या दिवशी जेवणासही थांबला नाही. आजोबा त्याच वर्षी गेले. अंतरपाट दूर होण्याचा क्षण, मातृभोजन, काल्याच्या कीर्तनात हंडी फुटण्याची वेळ, ही पुन्हा करून दाखविता येत नाहीत. आमचे तबलजीसुद्धा मैफलीस दुसरा दायाँ बरोबर बाळगतात.

दुसरे कारण खास आपल्याकडचे आहे. आज रात्री जेजुरीस खंडोबाची पालखी निघेल आणि भंडाऱ्याने आसमंत पिवळा होईल. जोतिबाच्या डोंगरावर तोच प्रकार गुलालाचा, पंढरीस बुक्क्याचा. अशा ठिकाणी लेन्स काढून दुसरी लावावयाची म्हणजे कॅमेऱ्याच्या उघड्या पोटात भंडारा जाणार. तो आतील संवेदकावर, अर्थात सेन्सरवर बसला की पुढच्या प्रत्येक चित्रात डाग. दोन कॅमेरे असले, एकावर रुंद दृश्याची व दुसऱ्यावर लांबचे जवळ आणणारी लेन्स चढविलेली असली, की रात्रभर झाकण उघडण्याचे कारण पडत नाही.

आता सादृश्य कशाकशात पाहावे? प्रथम लेन्सच्या बैठकीत. कॅननच्या लेन्स निकॉनवर बसत नाहीत. तेव्हा पहिला ज्या घराण्याचा, दुसराही त्याच घराण्याचा. त्यातही पोटभेद आहेत. कॅननच्या ‘ईएफ-एस’ लेन्स लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठी आहेत, त्या ५डी वा ६डी या मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांवर चढत नाहीत. निकॉनच्या जुन्या ‘एएफ-डी’ लेन्स डी ७२०० वर आपोआप फोकस साधतात. पण डी ३५०० किंवा डी ५६०० घेतल्यास हाताने फिरवीत बसावे लागते, कारण त्या कॅमेऱ्यांच्या अंगी त्यासाठी लागणारी मोटर नाही. स्वस्त म्हणून घेतलेली वस्तू येथे महाग पडते.

दुसरे सादृश्य बॅटरीचे. कॅननचे ५डी मार्क ३, ६डी आणि ८०डी हे तिघेही एलपी-ई६ जातीच्या बॅटरीवर चालतात. निकॉनचे डी ७५० आणि डी ७२०० हे ईएन-ईएल१५ वर. एकच चार्जर, आणि अडचणीस एकाची बॅटरी दुसऱ्यास. सोनीत मात्र सावध असावे : ए७ मार्क ३ आणि ए६४०० हे एकाच कुळातले दिसतात, लेन्सही एकमेकांच्या चालतात, पण बॅटऱ्या निराळ्या.

तिसरी गोष्ट कार्डांच्या जागांची. जेथे दोन कार्डे बसतात तेथे प्रत्येक चित्राची प्रत दुसऱ्या कार्डावर आपोआप उतरते, आणि एक कार्ड बिघडले तरी लग्न वाचते. नवा तो चांगला, या समजुतीस येथे धक्का बसतो. निकॉनचा डी ७२०० हा २०१५ सालचा, त्यात दोन जागा. त्यामागून २०१७ मध्ये आलेल्या डी ७५०० मध्ये एकच. ज्याच्या हाती २०१४ सालचा डी ७५० आहे, त्याने जोडीस वापरलेला डी ७२०० घ्यावा, असे आम्ही नि:शंकपणे सांगू. कॅननवाल्यांस हाच न्याय तंतोतंत लावता येत नाही. ६डी आणि ८०डी दोन्हींत एकच कार्ड बसते. तेव्हा औक्षण, अंतरपाट असले क्षण मुख्य कॅमेऱ्यानेच टिपावेत.

लहान सेन्सरचा दुसरा कॅमेरा घेण्यात कमीपणा मुळीच नाही. निकॉनच्या लहान सेन्सरवर लेन्सचा आवाका दीडपट होतो. ७०-२०० ची लेन्स १०५-३०० सारखे काम देते, आणि मंडपाच्या शेवटच्या खांबापाशी उभे राहून बुवांच्या चेहऱ्यावरचा भाव टिपता येतो. (पुढे येऊन आमच्या व श्रोत्यांच्या मध्ये उभे राहणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहिले आहे.) उलट २४-७० ची लेन्स तेथे ३६-१०५ होते, आणि अरुंद गाभाऱ्यात यजमान दंपती चौकटीत मावत नाही. म्हणून रुंद लेन्स मोठ्या सेन्सरवर, लांबची लहानावर. दिव्यांच्या मंद उजेडात लहान सेन्सरचे चित्र थोडे रवाळ येते, हे मान्य करून चालावे.

वापरलेला कॅमेरा घेण्यास संकोच नको. कंपन्या आरशाविना कॅमेऱ्यांकडे वळल्यापासून जुने चांगले कॅमेरे बाजारात पुष्कळ उतरले आहेत. मात्र बाह्य रूपावर न जाता पडदा किती वेळा उघडला, तो आकडा विचारावा. डी ७५०, डी ७२०० व ५डी मार्क ३ यांचा पडदा दीड लाख वेळांस, तर ६डी व ८०डी यांचा एक लाख वेळांस टिकेल अशा हिशेबाने घडविलेला आहे. एका लग्नात दोन हजार चित्रे धरली, तर पंचवीस लग्नांत पन्नास हजार होतात. एक लाख वीस हजार चित्रे काढून झालेला डी ७२०० म्हणजे हिशेबाने पंधरा लग्नांचा सोबती. पुढेही तो चालेल कदाचित, पण त्या ‘कदाचित’चे पैसे मोजू नयेत. निकॉनच्या चित्रातच हा आकडा नोंदलेला असतो. कॅननचा बहुधा सेवाकेंद्रातून किंवा वेगळ्या साधनाने काढावा लागतो. २०१२ सालच्या डी ६०० मध्ये सेन्सरवर डाग पडण्याचा दोष निघाला होता व कंपनीने २०१४ मध्ये त्याचे शटर विनामूल्य बदलून देण्याचे जाहीर केले. तो मिळत असल्यास बदल झाला आहे काय, ते पाहावे. पांढऱ्या भिंतीचे एक चित्र बारीक छिद्राने, एफ १६ वर काढून डाग पाहणे हे तर दुकानातच उरकावे. कोकणातून आलेल्या कॅमेऱ्याबरोबर लेन्स मिळत असेल, तर ती उजेडासमोर धरून बुरशीची जाळी नाही ना, याची खात्री करावी. पावती मात्र मागून घ्यावी. पावतीविना आलेली वस्तू चोरीची असू शकते, आणि दसऱ्यास घरात असले धन नको.

सर्व पैसे कॅमेऱ्यात घालू नयेत. दोन जादा बॅटऱ्या, दोन कार्डे आणि ओलावा शोषणाऱ्या पुड्या यांची तजवीज आधी करून उरल्या रकमेत कॅमेरा बसवावा. वर्षातून पाच-सहाच कामे असतील, तर भाड्याने आणणे शहाणपणाचे. कर्ज काढून तर मुळीच घेऊ नये. पहिल्या हप्त्याच्या तारखेस लग्नाचा मुहूर्त असतोच, असे नाही.

आणि घरी आणल्यावर दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळे मिनिटासेकंदासह एकमेकांशी जुळवावीत. एकाचे पाच मिनिटे मागे राहिले, तर संगणकावर चित्रे क्रमाने लावताना नवरी मांडवात येण्यापूर्वीच अंतरपाट दूर झालेला दिसतो.