मालकाचा रकाना
तक्त्यातले रकाने सांगितले, की कोड-जनरेटर नोंद भरण्याचे, पाहण्याचे, बदलण्याचे, पुसण्याचे स्क्रीन आपसूक लिहून देतो. 'रेल्स'मधले स्कॅफोल्ड हेच करते. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूचे वाहतूक परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. अशा परवान्यांचे दप्तर संगणकावर आणायचे, तर तारीख, नग, गाडी हे रकाने सोपे. अडते ते 'मालक' म्हटल्यावर. तिथे एका माणसाचे नाव बसवले, की कागदोपत्री गावाचे जंगल त्याचे झालेच! ग्रामसभेचा वेगळा तक्ता जोडायचा, हे जनरेटरला कुठून सुचणार? दिलेला परवाना रद्द झाला तरी त्याची नोंद राहिली पाहिजे. म्हणून न मागता मिळालेले पुसण्याचे बटण मी आधी काढीन.