फिश टँकच्या धंद्यात आधी झाडं, मग मासे! नवीन टँक सेटअपची योग्य पद्धत



पालघर, बोईसर, तारापूर पट्ट्यात फिश टँक बसवून देण्याचं काम कमी भांडवलात सुरू करता येतं. दवाखाने, हॉटेलं, एमआयडीसीतली ऑफिसं, कॉलनीतली घरं हे आपले ग्राहक. पण बरेच नवीन लोक एकाच दिवसात टँक, झाडं, मासे सगळं लावून पैसे घेतात आणि निघतात. आठवड्याभरात मासे मरतात. लहान मुलाने हौसेने नाव ठेवलेला मासा मेला, की ते घर तुम्हाला परत बोलवत नाही. शिवाय ही गोष्ट पूर्ण कॉलनीत पसरते.

मासे का मरतात?

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. फिल्टरमध्ये आणि वाळूत वाढणारे जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्राइटसुद्धा विषारी, नायट्रेट त्या मानाने सौम्य. हे जीवाणू पुरेसे वाढायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. नवीन टँकमध्ये ते जवळजवळ नसतातच. जिवंत झाडं अमोनिया आणि नायट्रेट दोन्ही शोषतात, म्हणून झाडं आधी लावायची.

सजावट: फुकटचं नेहमी स्वस्त नसतं

केळवे, शिरगाव, चिंचणीचा किनारा जवळच आहे. शंख-शिंपले फुकट मिळतात, म्हणून टँकमध्ये टाकायचा मोह होतो. टाकू नका. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. तो हळूहळू विरघळतो, पाणी जड होतं आणि त्याचा पीएच वाढतो. गप्पी, मोली हे चालवून घेतात, टेट्रासारख्या माशांना त्रास होतो.

- दगड: आपल्याकडचा काळा दगड बहुतेक वेळा चालतो. तरी स्वच्छ धुवून त्यावर लिंबू पिळून बघा. फेस आला तर तो दगड बाजूला ठेवा.
- लाकूड: किनाऱ्यावर वाहून आलेलं लाकूड खाऱ्या पाण्याचं असतं, ते नको. दुकानातलं ड्रिफ्टवुडसुद्धा काही दिवस भिजवा, पाणी बदलत राहा. पाण्याला चहासारखा रंग आला तर घाबरू नका, पण ग्राहकाला आधीच सांगून ठेवा.
- वाळू: रंगीत खडीपेक्षा बारीक, धुतलेली नदीची वाळू झाडांना बरी. थर 5 सेंटिमीटर. 2 बाय 1 फुटाच्या टँकला साधारण 14 किलो लागते. टँक 1 फूट उंच असेल तर पाणी, वाळू, काच मिळून वजन 70 किलोच्या आसपास जातं. टेबल आधी तपासा!

झाडं: सोप्यापासून सुरुवात करा

मागच्या बाजूला वॅलिस्नेरिया लावा. ती भारतातही निसर्गतः वाढते आणि उष्ण हवा सहन करते. अनुबियास आणि जावा फर्न वाळूत पुरायचे नाहीत. त्यांचं आडवं खोड गाडलं तर कुजतं. दोऱ्याने दगडाला किंवा लाकडाला बांधा. क्रिप्टोकोरिन नवीन पाण्यात गेल्यावर पानं गाळते, पण मुळं शाबूत असली तर पुन्हा फुटते. हे ग्राहकाला पहिल्याच दिवशी सांगा, म्हणजे "झाड मेलं" असा फोन येणार नाही.

लाइट रोज 6 ते 8 तास, टायमर लावून. जास्त ठेवला की काचेवर शेवाळ धरलंच समजा.

पाणी नळाचं असेल तर क्लोरीन काढण्याचं औषध वापरा. बोअरचं असेल तर आधी टीडीएस मोजा. किनाऱ्याजवळच्या काही ठिकाणी बोअरचं पाणी मचूळ असतं.

एमआयडीसी परिसरातल्या नाल्यातून झाडं उचलून आणू नका. पाण्यात कुठलं रसायन असेल, सांगता येत नाही. आणि छाटलेली झाडं तळ्यात, ओढ्यात फेकू नका. जलपर्णीसुद्धा शोभेचं झाड म्हणूनच दक्षिण अमेरिकेतून जगभर गेली होती. आज ती काढायला यंत्रं लावावी लागतात.

तीन भेटींचं पॅकेज

1. पहिला दिवस: वाळू, दगड, लाकूड, झाडं, फिल्टर सुरू. मासे नाहीत. रोज चिमूटभर खाद्य टाकायला सांगा. ते कुजून अमोनिया होतो आणि जीवाणूंना खायला मिळतं.
2. दोन आठवड्यांनी: खराब पानं काढा, थोडं पाणी बदला.
3. 4 ते 6 आठवड्यांनी: टेस्ट किटने पाणी तपासा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य असतील तरच मासे सोडा, तेही थोडे-थोडे.

सामानाचे पूर्ण आणि मजुरीचे अर्धे पैसे पहिल्या भेटीत घ्या, उरलेले मासे सोडताना. ग्राहक म्हणेल, "अहो, मासे आजच टाका ना!" तेव्हा शांतपणे कारण सांगा. "आज टाकले तर मरतील, आणि मला तुमचे मासे मारायचे नाहीत." इथेच विश्वास बसतो.

खरी कमाई पुढे आहे. समजा, महिन्याच्या देखभालीचे 500 रुपये घेतले आणि असे 20 टँक जमले, तर दरमहा 10,000 रुपये ठरलेले. पालघर, उमरोळी, बोईसर एकाच लोकल मार्गावर आहेत. स्टेशनप्रमाणे वार ठरवा. तारापूरसाठी बोईसरहून पुढे जावं लागतं, म्हणून तिथले ग्राहक एकाच दिवशी घ्या. प्रवासाचा खर्च वाचला, तोच तुमचा नफा.

आजचं काम: पहिली ऑर्डर घेण्याआधी स्वतःच्या घरी एक छोटा टँक याच क्रमाने लावा आणि दर आठवड्याला त्याचा फोटो काढा. सहा आठवड्यांनी ते फोटो ग्राहकाला दाखवा. त्यापेक्षा चांगली जाहिरात नाही.