सोळा पायांची चिप, सतराशे साठ गैरसमज
मुंबईला लॅमिंग्टन रोड, पुण्याला पासोड्या विठोबाचा परिसर, तसा बेंगळुरूला एस. पी. रोड. डिसोल्डर पंप, फ्लक्स, आयसी बेस, जे मागाल ते तिथं मिळतं. म्हणूनच की काय, माळ्यावर पडलेला १९८०च्या दशकातला घरगुती संगणक खाली काढला की हौशी माणूस आधी सोल्डरिंग आयर्न घेऊन मोकळा होतो. खरं तर आयर्नची पाळी बरीच उशिरा येते.

गैरसमजांची सुरुवात प्लगपासूनच होते. ‘लावून तर बघू, चालतोय का!’ भारतात १९८४च्या सुमारास ‘क्लास’ योजनेतून शाळाशाळांत पोचलेला बीबीसी मायक्रो घ्या. त्याच्या मूळ पॉवर सप्लायमध्ये घरच्या विजेच्या वाटेवर रिफा बनावटीचे कपॅसिटर सापडतात. त्यांच्या पिवळसर पारदर्शक कवचाला वर्षानुवर्षं बारीक भेगा पडत जातात आणि आत ओल शिरते. मग कित्येक वर्षांनी वीज मिळाली की थोड्याच वेळात धूर आणि दुर्गंधी. मदरबोर्ड गेला म्हणून लोक हळहळतात. बहुतेकदा तो ठणठणीत असतो. बदलायचे असतात ते स्वस्तातले कपॅसिटर, आणि तेही प्लग लावण्याआधी.

झेडएक्स स्पेक्ट्रमची गंमत वेगळीच. आपल्याकडे डेसिबेल्स कंपनी परवाना घेऊन स्पेक्ट्रम प्लस विकत असे. त्याला नऊ व्होल्टचा अडॅप्टर लागतो, पण पिनच्या मधोमध ऋण टोक असलेला. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक अडॅप्टरांत मधलं टोक धन असतं. ‘नऊ व्होल्ट म्हणजे नऊ व्होल्ट’ असं म्हणून तसला अडॅप्टर खुपसला, की आतल्या छोट्या व्होल्टेज सर्किटवर गदा येते. खालच्या १६ केबी मेमरीच्या आठ ४११६ चिपना पाच व्होल्टशिवाय अधिक बारा आणि उणे पाच व्होल्टही लागतात, आणि ते हेच सर्किट बनवतं. उणे पाच गायब होऊन बारा चालू राहिले, तर या चिप मरतात. अशा वेळी मेमरी बदलून कारण तसंच ठेवलं, तर नव्या चिपही त्याच वाटेनं जातात. म्हणून आधी मल्टिमीटर लावायचा: पाय १ वर उणे पाच, ८ वर बारा, ९ वर पाच, १६ ग्राउंड. हे चार आकडे जुळल्याशिवाय आयर्न गरम करण्यात अर्थ नाही.

‘सोळा पाय आहेत ना, मग बसेल!’ हा त्या ‘नऊ व्होल्ट’वाल्या गैरसमजाचाच सख्खा भाऊ. ४१६४ ही नंतरची ६४ किलोबिटची चिप एकट्या पाच व्होल्टवर चालते. बेसमध्ये ती अगदी चपखल बसते. पण ४११६च्या जागी जिथं बारा व्होल्ट येतात, त्या आठव्या पायावर हिला पाचच हवेत. बाराची वाट तोडून तिथं पाच व्होल्ट आणून दिले नाहीत, तर तिला भाजून काढणंच होईल.

आणि ४८ केबीच्या यंत्रात ४८ केबीच्याच चिप असतात, असं थोडंच आहे! वरच्या ३२ केबीसाठी स्पेक्ट्रम बनवणाऱ्या सिंक्लेअरनं अशा ६४ किलोबिट चिप घेतल्या, ज्यांचा फक्त अर्धा भाग चालतो. सदोष माल स्वस्तात मिळे. कोणता अर्धा वापरायचा, हे बोर्डावरच्या एका तारेच्या दुव्यानं ठरे. आज तिथं निर्दोष ४१६४ बसवता येते, आणि मग दुवा कुठल्याही बाजूला असला तरी काम होतं. काटकसर असावी तर अशी!

मेमरी वाढवली म्हणून वेगही वाढतो, हेही अर्धसत्य. स्पेक्ट्रमचा झेड-८० प्रोसेसर साडेतीन मेगाहर्ट्झलाच चालत राहतो. मात्र खालची १६ केबी मेमरी पडद्यावरचं चित्र काढणाऱ्या चिपबरोबर वाटून घ्यावी लागत असल्यानं तिथं प्रोसेसरला अधूनमधून थांबावं लागतं. वरच्या मेमरीत तसं थांबणं नसतं. त्यामुळे तिथं ठेवलेला प्रोग्रॅम थोडा झपझप चालतो, एवढंच.

आता उष्णता. चिप उष्णतेनं लगेच मरते, या भीतीनं लोक आयर्नचं तापमान कमी ठेवतात, आणि तिथंच फसतात. जुनं शिसं-कथिल सोल्डर १८३ अंशांच्या आसपास वितळू लागतं आणि चिपच्या पायांना थोड्या सेकंदांपुरते २६० अंश सहज सोसतात. थंड टोक मात्र जागेवर खूप वेळ दाबून धरावं लागतं. मग तांब्याचं पॅड बोर्डापासून सुटतं. ग्राउंडचा पाय तर मोठ्या तांब्याला जोडलेला, सगळी उष्णता शोषून घेतो. त्यावर थोडं नवं सोल्डर आणि फ्लक्स घालायचं, मग पंप मारायचा. अर्धवट सुटलेली चिप स्क्रूड्रायव्हरनं उचकटली, की पॅडबरोबर आतली वाटही निघून येते. चिप मेलेलीच असेल, तर बारीक कटरनं तिचे पाय कापून एकेक पाय वेगळा काढणं उत्तम. मोबाइल दुरुस्तीची हॉट एअर गन अशा बोर्डांना फारशी मानवत नाही.

सोल्डरिंगचा धूर शिशाचा असतो, असंही वाटतं. शिसं उकळायला १,७४९ अंश लागतात. दिसतो तो फ्लक्सचा धूर. तोही छातीत जाऊ नये म्हणून खिडकी उघडी हवी, आणि शिसं तोंडात जाऊ नये म्हणून काम झाल्यावर चहाचा कप उचलण्याआधी हात धुवावेत.

बीबीसी मायक्रोच्या मालकाला यातलं बरंच टाळता येतं. त्याच्या रॉम चिप बेसमध्येच असतात. नवी रॉम घालायची म्हणजे दिशा बघून दाबायची. चिपवरची खाच बोर्डावरच्या खाचेशी जुळवायची, नाहीतर पहिल्याच स्विचला बारा वाजतात. झेड-८०वाल्यांनी मात्र थोडं जपून खरेदी करावी: झायलॉगनं २०२४मध्ये ही स्वतंत्र चिप बंद केली. शेवटच्या ऑर्डरची तारीख १४ जून होती. त्यामुळे छापील नंबर घासून नवा छापलेला माल गळ्यात पडू शकतो. दुकानात बोटावर थोडं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) घेऊन छपाई पुसून बघितली, तर कच्ची शाई कधीकधी हाताला लागते.