फुलावरील फुलपाखरू व त्याचे छायाचित्र

वेंगुर्ले तालुक्यातील शिरोडा गावी पाऊस ओसरला की परसातील जास्वंदीवर व एक्झोऱ्याच्या तांबड्या झुबक्यांवर फुलपाखरांची वर्दळ वाढते. निसर्गाभ्यासासाठी शाळेस याहून जवळचे साधन नाही. पूर्वी फुलपाखरे पकडून, टाचणीने टोचून पेटीत ठेवीत. त्यात जीव जाई, आणि फुलपाखराचे फुलाशी असलेले नातेही तुटे. छायाचित्रात ते नाते टिकते. शिक्षकांजवळील साधा भ्रमणध्वनीही या कामी चालतो.

प्रथम वेळ साधावी. फुलपाखरास उडण्यापूर्वी शरीर तापवावे लागते. म्हणून सकाळी ते पंख पसरून ऊन घेत बसते. तेव्हा जवळ जाणे सोपे असते. ऊन चढल्यावर ते चपळ होते.

दुसरी गोष्ट सावलीची. सावली अंगावर पडताच ते उडते. हलक्या पावलांनी, थांबत थांबत व खाली वाकून जावे. पाठलाग करण्यापेक्षा फुललेल्या झाडाजवळ स्वस्थ उभे राहावे. उडालेले फुलपाखरू पुष्कळदा त्याच ताटव्याकडे परतते.

तिसरी गोष्ट स्पष्टतेची. वस्तू जितकी जवळ, तितका चित्रात स्पष्ट उमटणारा पट्टा अरुंद होतो. यासाठी मिटलेल्या पंखांचे चित्र बाजूने व पसरलेल्या पंखांचे वरून, भिंग पंखांच्या समोर सरळ धरून घ्यावे.

‘नीलवंत’ या मोठ्या, काळ्या-निळ्या फुलपाखराच्या बाबतीत मात्र अडचण येते. मध पितानाही त्याचे पंख फडफडत असतात. त्यामुळे चित्र पुसट येते. कॅमेऱ्यात सोय असल्यास प्रकाश घेण्याचा काळ सेकंदाच्या १/१००० भागाइतका ठेवावा. सन २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने यास राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य होय.

या नीलवंताची अळी लिंबू, पपनस अशा झाडांची पाने खाते. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, पुढे हिरवी होते. कीड समजून तिला चिरडणारेच पुढे फुलांवर फुलपाखरू का येत नाही म्हणून वाट पाहत बसतात! म्हणून मुलांनी फुलांइतकेच लिंबाच्या पानांकडेही लक्ष द्यावे.

चित्रासाठी पंख चिमटीत धरू नयेत. पंखांवरील सूक्ष्म खवले एकदा गळले की पुन्हा येत नाहीत. फुलपाखरू स्थिर राहावे म्हणून त्यास थंड करणे हेही क्रौर्यच होय. अनेक जातींस सन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे.

प्रत्येक चित्राखाली दिनांक, वेळ, जागा व झाडाचे नाव लिहावे. फुलपाखराचे नाव ठाऊक नसल्यास जागा कोरी ठेवावी. चित्र हाती असल्याने ते मागाहून जाणकारास विचारता येते. अंदाजाने नाव लिहू नये. वर्षभराची अशी वही म्हणजे गावाच्या निसर्गाची विश्वसनीय नोंद होय. आणि ती तयार करताना एकही जीव गेलेला नसतो, हा धडा मुलांच्या मनात कायमचा राहतो.