दुरुस्तीनंतर सुरू न होणारें इंजिन

चालतें यंत्र अकस्मात् बंद पडलें, तर त्याचा एखादा भाग झिजला किंवा तुटला असावा, असें अनुमान करणें योग्य असतें. परंतु जें यंत्र उघडून, स्वच्छ करून व नवे भाग घालून पुन्हां जोडलें, तेंच जर सुरू होईना, तर अनुमानाची दिशा बदलावी लागते. अशा वेळीं दोष बहुधा भागांत नसून जोडणींत असतो. हा भेद लक्षांत न आल्यामुळें पैसा व वेळ वायां जातोच; कित्येकदां नुकतीच केलेली दुरुस्तीही फुकट जाते.

अमेरिकेंतील जुन्या ‘पिकअप’ गाड्यांत याचें चांगलें उदाहरण सांपडतें. पुढें दोन-तीन माणसांची बैठक आणि मागें उघडा हौदा, अशी ही लहानशी मालमोटार असते. शेव्हरोले कारखान्यानें १९५५ सालीं आठ सिलिंडरांचें, २६५ घन इंचांचें एक आटोपशीर इंजिन काढलें. त्याचेंच ३५० घन इंचांचें रूप १९६७ सालीं आलें, आणि पुढें कित्येक वर्षें तें पिकअप गाड्यांत बसविलें जात होतें. त्याची घडण सोपी असल्यामुळें तें स्वतः खोलून दुरुस्त करणारे हौशी लोक तिकडे आजही पुष्कळ आहेत. आणि जोडल्यावर तें पेट घेत नाहीं, ही तक्रारही नेहमींचीच आहे.

पेट्रोलच्या कोणत्याही इंजिनाला चार गोष्टी लागतात. स्टार्टरनें त्याला पुरेसें जोरानें फिरविलें पाहिजे. हवा व पेट्रोल यांचें मिश्रण आंत आलें पाहिजे. तें मिश्रण सिलिंडरांत दाबलें गेलें पाहिजे. आणि नेमक्या क्षणीं ठिणगी पडली पाहिजे. तपासणी याच क्रमानें करावी, व एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. सगळेंच एकदम बदललें, तर गुण कशानें आला किंवा बिघाड कशानें वाढला, हें कळण्यास मार्ग उरत नाहीं.

स्टार्टर मंद फिरत असेल, तर प्रथम बॅटरी पाहावी. भरलेल्या बॅटरीचा दाब सुमारें १२·६ व्होल्ट असतो. बॅटरी चांगली असूनही जोर नसेल, तर इंजिन व गाडीचा सांगाडा यांना जोडणारी तार पाहावी. इंजिन परत बसवितांना ती लावावयाची पुष्कळदां राहून जाते. पेट्रोलची परीक्षा याहून सोपी आहे. इंजिन थांबलेलें असतांना कार्ब्युरेटरच्या तोंडांतून पाहत पेट्रोलची दांडी ओढावी. पेट्रोलच्या बारीक धारा उडाल्या पाहिजेत. दाबासाठीं मापक लावावा. सर्व सिलिंडरांचे आंकडे जवळजवळ सारखे, व दर चौरस इंचास १०० पौंडांहून अधिक असावेत. इंजिन नेहमींपेक्षां हलकें फिरत असेल व दाब सगळीकडेच कमी भरत असेल, तर झडपांचे स्क्रू प्रमाणाबाहेर आवळल्यामुळें त्या पूर्ण मिटत नसाव्यात.

आतां मिश्रण आहे, दाब आहे, ठिणगीही पडते. तरी इंजिन सुरू होत नाहीं, उलट कार्ब्युरेटरच्या तोंडांतून भडका उडतो. असें असेल, तर ठिणगी भलत्याच वेळीं पडत आहे, असें समजावें.

इंजिनाचें एक आवर्तन पुरें होण्यास मुख्य दांड्याचे, म्हणजे क्रँकचे, दोन फेरे लागतात. झडपा हलविणारा कॅमचा दांडा मात्र तेवढ्यांत एकच फेरा घेतो, आणि ठिणगी वांटणारा डिस्ट्रिब्यूटर या कॅमच्या दांड्यावर चालतो. क्रँकच्या पुढील चाकावर वेळ दाखविणारी एक खूण असते. ती एका आवर्तनांत दोनदां शून्यावर येते; एकदां मिश्रण दाबलें गेल्यावर, व एकदां जळका वायू बाहेर गेल्यावर. घड्याळाचे कांटे दुपारींही बारावर येतात व मध्यरात्रींही. केवळ कांटे पाहून दिवस कीं रात्र हें सांगतां येत नाहीं. तसेंच हें आहे.

शेव्हरोलेच्या या इंजिनांत आणखी एक चकवा आहे. क्रँक व कॅम यांना जोडणाऱ्या सांखळीच्या दोन चक्रांवर एकेक ठिपका असतो, आणि सांखळी चढवितांना ते समोरासमोर आणावयाचे असतात. त्या स्थितींत ठिणगीची पाळी असते ती सहाव्या सिलिंडराची, पहिल्याची नव्हे. जोडणारा मनुष्य ठिपके जुळलेले पाहून तेथेंच डिस्ट्रिब्यूटर बसवितो व त्याचा फिरता हात पहिल्या सिलिंडराच्या तारेकडे वळवितो. पेटण्याचा क्रम १-८-४-३-६-५-७-२ असा असल्यानें सहावा हा पहिल्यापासून बरोबर चार जागा दूर पडतो. म्हणजे चूक अर्ध्या फेऱ्याची होते. सर्व भाग नवे, सर्व खुणा जुळलेल्या, आणि इंजिन मात्र मुकें!

याची परीक्षा बोटानें होते. ठिणगीचा विद्युत्प्रवाह तोडून पहिल्या सिलिंडराचा, म्हणजे चालकाच्या बाजूच्या रांगेंतील सर्वांत पुढचा, प्लग काढावा. त्या छिद्रावर बोट ठेवून पान्यानें क्रँक हळूहळू फिरवावा. आंतील हवा बोटाला बाहेर ढकलूं लागली, कीं दाबण्याची क्रिया चालू झाली असें समजून खूण शून्यावर येतांच थांबावें. आतां डिस्ट्रिब्यूटरचा हात पहिल्या तारेकडे असावयास हवा. तो उलट दिशेस असेल, तर डिस्ट्रिब्यूटर उचलून अर्धा फेरा वळवून बसवावा. नवा एकही भाग विकत घ्यावा लागत नाहीं.

ही परीक्षा पहिल्यांदा स्टार्टर फिरविण्यापूर्वींच करणें हिताचें असतें. स्टार्टर सलग तीस सेकंदांहून अधिक फिरवूं नये, आणि पुढच्या प्रयत्नापूर्वीं तो दोन मिनिटें थंड होऊं द्यावा. याहून मोठी भीति नव्या कॅमची असते. या जुन्या इंजिनांत कॅमचे उंचवटे सपाट तळाच्या ठोकळ्यांवर घासतात, म्हणून जोडतांना त्यांवर दाट वंगण लावलेलें असतें. इंजिन न पेटतां पुनःपुन्हां मंद फिरत राहिलें, तर तें वंगण पुसलें जातें व उंचवटे झिजतात. म्हणूनच असें इंजिन पेटल्यावरही पहिलीं वीस मिनिटें मिनिटास सुमारें दोन हजार फेऱ्यांच्या गतीनें चालूं ठेवतात. कार्ब्युरेटरवर वांकून आंत पेट्रोल ओतण्याचा मोह तर कटाक्षानें टाळावा. उडालेल्या भडक्यानें चेहरा भाजण्याचा धोका असतो.

दुरुस्तीनंतर यंत्र अडलें, तर दुकानाची वाट धरण्यापूर्वीं एवढेंच पाहावें, कीं दुरुस्ती करतांना हात कोठें कोठें लागला होता. जें सुटलें होतें, तें तसेंच परत बसलें कीं नाहीं, हें एकेक करून तपासलें, तर दोष बहुधा तेथेंच सांपडतो.